देव नाही, असं काही जण का म्हणतात?

बालमित्रांनो, आज एक वेगळीच गोष्ट सांगणार आहे. सांगू की नको, असं दोन महिने मनात चाललं होतं. शेवटी ठरवलं, सांगायचीच.

माझ्या वर्गात एक मुलगा आहे. सहावीत. त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण हा अंक आमच्या शाळेत येतो आणि आला की सगळ्यांच्या आधी तोच पळवतो! आमची शाळा दर्यापूरकडच्या एका खेड्यात आहे. एका अंगाला अमरावती, दुसऱ्या अंगाला अकोला आणि मधून वाहते पूर्णा. या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की खारट लागतं. किडनीचे आजार इकडे पुष्कळ. या मुलाच्या आजीलाही तोच आजार झाला.

आजीवर त्याचा भारी जीव. ही आजी म्हणजे घरच्या कापसाच्या वाती वळणारी, वाती वळता वळता गोष्टी सांगणारी. तिला अमरावतीच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा या पठ्ठ्यानं कोणालाही न सांगता अंबादेवीला नवस बोलला. आजी बरी होऊन घरी येईपर्यंत चप्पल घालणार नाही! आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात कशी असते, हे वऱ्हाडातल्या मुलांना सांगायला नको. पायाला किलो-किलो चिखल लागतो. काटे वेगळेच. महिनाभर हा मुलगा अनवाणी शाळेत आला. मी विचारलं तर म्हणाला, "चप्पल तुटली मॅडम."

पोळ्याच्या आधी आजी गेली.

आठ दिवसांनी तो शाळेत आला. पायात चप्पल होती. परिपाठाला सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले. त्यानं हात जोडले नाहीत. मी डोळे वटारले. तरी नाही. मग मी जोरात म्हटलं, "हात जोड!" तर तो शांतपणे म्हणाला, "मी नाई जोडत मॅडम. देव नाई हाय. म्या पाह्यलं."

आणि मी काय केलं? त्याला पहिला तास संपेपर्यंत उभं केलं. खरं सांगते, लिहितानाही मला आपली लाज वाटते.

पुढचं तर त्याहून वाईट. मधल्या सुट्टीत खिचडीच्या पंगतीत त्याच्या शेजारी कोणी बसेना. एक मुलगी मला समजावून सांगायला आली, "मॅडम, थ्याच्या जवळ बसलं त पाप लागते." दोन दिवसांत माझ्या वर्गात एक मूल एकटं पडलं. त्याची सुरुवात माझ्यापासूनच झाली होती, कारण बाईंनी ज्याला उभं केलं तो गुन्हेगारच, असं मुलांना वाटणार नाही तर काय?

तिसऱ्या दिवशी मी गणिताचं पुस्तक मिटून ठेवलं. फळ्यावर काहीच लिहिलं नाही. नुसतं विचारलं, "तुमच्या घरी देवघरात कोण कोण आहे, सांगा पाहू."

मग काय! हात वर, नुसता गलका. गजानन महाराज, मारोती, रेणुका, विठोबा, कोणाच्या घरी टाक, कोणाच्या घरी नुसता फोटो. एकानं सांगितलं, आमच्या घरी मूर्ती नसते, अब्बा नमाज पढतात. मग खिडकीजवळची एक मुलगी उठली. वर्गात हुशार, सगळ्यांची लाडकी. ती म्हणाली, "आमच्या घरी देव नाई मॅडम. बुद्ध हायेत आन बाबासाहेब हायेत. पन थे देव नाईत, असं आबा सांगते."

वर्ग एकदम गप्प. पाप लागेल म्हणणारी मुलगी रोज हिच्याच मांडीला मांडी लावून बसते, आणि हिच्याच डब्यातलं लोणचं खाते!

तर मित्रांनो, देव न मानणारी माणसं कुठंतरी दूर, परदेशात असतात, असं काही नाही. आपल्या गावात, आपल्याच बाकावर असतात. गौतम बुद्धांनी जग निर्माण करणाऱ्या देवाची पूजा करायला सांगितली नाही. दुःख का होतं आणि ते कमी कसं करावं, हे सांगितलं. जैन धर्मातही तसंच. परतवाड्याच्या पुढं मुक्तागिरीची जैन मंदिरं तुमच्यापैकी कोणी सहलीला जाऊन पाहिली असतील. तिथं तीर्थंकरांची पूजा होते, पण हे जग कोणा देवानं घडवलं, असं जैन तत्त्वज्ञान मानत नाही. आणखी मागं गेलं तर चार्वाकाच्या मताची माणसं होती. जे डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं, तेच खरं, असं ती म्हणत. आपल्या देशात या विचाराला दोन हजार वर्षांहून जास्त काळ लोटला आहे. हे काही काल-परवाचं खूळ नव्हे.

अशा माणसांना आपण नास्तिक म्हणतो. 'न अस्ति' म्हणजे 'नाही'. जुन्या ग्रंथांत मात्र जो वेदांचा शब्द प्रमाण मानत नाही, त्याला नास्तिक म्हणत. म्हणजे शब्दाचा अर्थसुद्धा बदलत आला. आणि एक तिसराही गट आहे बरं का! देव आहे असंही हे लोक म्हणत नाहीत आणि नाही असंही छातीठोकपणे सांगत नाहीत. ते म्हणतात, ही गोष्ट माणसाला कळण्यापलीकडची आहे. जे कळत नाही, ते कळतं असं सोंग कशाला आणायचं? याला अज्ञेयवाद म्हणतात. शब्द जड आहे, पण अर्थ सोपा.

आता या तिसऱ्या गटातल्या एका मुलाची गोष्ट. हा मुलगा आपल्या अकोल्यात शिकला.

त्याचं नाव गोपाळ गणेश आगरकर. जन्म १४ जुलै १८५६, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी. घरची गरिबी इतकी, की शिक्षण मध्येच थांबलं आणि लहान वयातच कचेरीत उमेदवारी करायची वेळ आली. पण शिकायचं वेड काही सुटेना. कऱ्हाडहून हा पोरगा रत्नागिरीला चालत गेला. पायी! तिथंही जमलं नाही. मग नातेवाइकांच्या आधारानं तो थेट वऱ्हाडात, अकोल्याला आला. इथल्या हायस्कुलात त्याला विष्णु मोरेश्वर महाजनी नावाचे गुरुजी भेटले. महाजनी स्वतः मोठे विद्वान, लिहिणारे. त्यांनी या मुलातला गुण ओळखला, त्याला वाचायला दिलं, लिहायला लावलं. 'वऱ्हाड समाचार' या अकोल्याच्या वर्तमानपत्रात विद्यार्थीदशेतच त्याचं लेखन छापून येऊ लागलं. १८७५ साली अकोल्याहूनच तो मॅट्रिक झाला.

(आम्हा मास्तर मंडळींना महाजनींचा जरा हेवाच वाटतो. असा एक विद्यार्थी हातून घडला तरी पुरे!)

पुढं पुण्याला डेक्कन कॉलेज. तिथं म्हणे अंगावर एकच सदरा असायचा. रात्री धुवायचा, वाळत घालायचा आणि सकाळी तोच घालून वर्गात जायचं. तिथंच बाळ गंगाधर टिळक त्यांचे मित्र झाले. एम. ए. झाल्यावर आगरकरांना मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळाली असती. पण त्यांनी आईला पत्र लिहून कळवलं, की मुलगा आता खूप पैसे मिळवेल अशी आशा तू धरू नकोस. पोटापुरतं मिळवून उरलेला वेळ मी लोकांसाठी खर्च करणार आहे. विचार करा, ज्या आईनं इतके हाल काढले तिला असं पत्र लिहायचं! लिहिणाऱ्याचा हात थरथरला नसेल का?

मग ते शाळामास्तर झाले. १८८१ साली 'केसरी' निघाला, त्याचे पहिले संपादक आगरकरच. कोल्हापूरच्या दिवाणांवर टीका छापल्याबद्दल १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर या दोघांनाही १०१ दिवस मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. पुढं दोघांची मतं जुळेनात. आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले आणि १८८८ साली त्यांनी स्वतःचं 'सुधारक' पत्र काढलं.

'सुधारक'मधून ते काय लिहीत? मुलींना शिकवा. लहान वयात लग्नं लावू नका. विधवेचे केस कापणं हा जुलूम आहे. आणि कोणतीही गोष्ट जुनी आहे, पोथीत आहे, एवढ्यावरून खरी मानू नका. देवांची कल्पना माणसाच्या मनात मुळात आली कशी असेल, यावरही त्यांनी लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की देव आहे असं मला पटवणारा पुरावा मिळालेला नाही, आणि चांगलं वागायला देवाची भीती असायलाच हवी असं नाही. माणसाचं दुःख कमी करणं हाच धर्म समजून वागता येतं.

लोक खवळले. पुण्यात त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली! कोणी आपल्याला नुसतं 'मेला' म्हटलं तरी किती लागतं. इथं तर तिरडी बांधून, बोंबा मारत मिरवली. आगरकरांनी लिहिणं थांबवलं नाही.

पण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती त्यांच्या घरातली गोष्ट. त्यांच्या पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या होत्या. देवधर्म, व्रतवैकल्यं, सोवळंओवळं सगळं पाळणाऱ्या. बाहेर सगळ्या महाराष्ट्राशी भांडणारा हा माणूस घरात मात्र बायकोला 'तुझे देव फेकून दे' म्हणाला नाही. आपलं मत तिच्यावर लादलं नाही. दम्यानं शरीर पोखरलं होतं. फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य असतानाच, १७ जून १८९५ रोजी ते वारले. वय अवघं ३८. मरणानंतर आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी तेवढे पैसे पुडीत बांधून ठेवले होते, असं सांगतात.

ही गोष्ट संपली तेव्हा माझा तो मुलगा पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "पन मॅडम, थ्याईची आजी मेली होती काय?"

त्याचं बरोबर होतं. आगरकर पुस्तकं वाचून, विचार करून तिथवर पोचले. सगळेच तसे पोचत नाहीत. कोणी दुःखातून पोचतं. आपण इतकं मनापासून मागितलं आणि ते मिळालं नाही, तेव्हा मनात प्रश्न उठतो, की ऐकणारं कोणी आहे तरी का? हा प्रश्न फार जुना आहे आणि मोठमोठ्यांनी विचारलेला आहे. भगतसिंगांचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. १९३० साली लाहोरच्या तुरुंगात, फाशीची शिक्षा होणार हे दिसत असताना, त्यांनी 'मी नास्तिक का आहे' या विषयावर निबंध लिहिला. वय २३. तुरुंगातल्या एका सोबत्यानं त्यांना ऐकवलं होतं, की तुला प्रसिद्धीची घमेंड चढली म्हणून तू देव मानत नाहीस. त्यावर हे उत्तर होतं. देव सर्वशक्तिमान असेल, तर त्यानं इतक्या दुःखानं भरलेलं जग का केलं, असं त्यांनी त्यात विचारलं आहे. मरण समोर उभं असताना देवाचा आधार घ्यावा, असं कोणालाही वाटेल. त्यांनी तो घेतला नाही. घमेंडखोर माणूस असा वागेल, की आपल्या विचाराशी इमान राखणारा?

काही जण विज्ञानाच्या वाटेनं जातात. तुमच्या आजोबांच्या दंडावर गोल वण आहे का, पाहा बरं. तो देवीच्या लसीचा वण असू शकेल. देवी हा रोग होता. अंगभर फोड यायचे, माणसं मरायची, जगली तर काहींचे डोळे जायचे. रोगाचं नावच देवी! देवी कोपली की रोग होतो, असं लोक समजत. म्हणून तिला थंड करायला नैवेद्य, कडुलिंबाचा पाला, नवस. १७९६ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर नावाच्या डॉक्टरांनी लस टोचण्याचा प्रयोग केला. तिथून लस जगभर पसरली. १९७५ नंतर भारतात या रोगाचा रुग्ण नाही, आणि १९८० साली सगळं जगच देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. एकेकाळी ज्याला देवीचा कोप म्हणत, तो एक विषाणू निघाला. असं एकेक कोडं उलगडत गेलं, तशी काही माणसं म्हणू लागली, की उरलेली कोडीही अशीच सुटतील. अर्थात विज्ञान शिकलं म्हणजे देव सोडावाच लागतो, असंही नाही हं. आपले थोर गणिती श्रीनिवास रामानुजन नामगिरी देवीचे भक्त होते.

आणि काही जणांना देवापेक्षा देवळाच्या दारानं दुखावलं. अमरावतीचं अंबादेवीचं देऊळ आपण सगळे जाणतो. नवरात्रात तिथं पाय ठेवायला जागा नसते. पण अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या माणसांना एकेकाळी त्याच देवळात जायला बंदी होती. १९२७ साली ते दार उघडावं म्हणून अमरावतीत चळवळ झाली. डॉ. पंजाबराव देशमुख तिच्यात पुढं होते आणि त्यासाठी भरलेल्या परिषदेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष म्हणून आले होते. पुढं १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला. तो वर्षानुवर्षं चालला. दार उघडलं नाही. शेवटी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो माणसांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यात वऱ्हाडातलीही पुष्कळ माणसं होती. खिडकीजवळच्या त्या मुलीच्या घरी देव का नाहीत, त्याचं उत्तर या रस्त्यावर आहे.

एका मुलानं मध्येच विचारलं, "मंग गाडगेबाबा बी नास्तिक होते काय?" प्रश्न फक्कड होता. शेंडगावचे, म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातलेच डेबूजी. मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामाकडे वाढले. हातात झाडू, डोक्यावर गाडगं. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात लोकांना वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडायचं. बकरं कापलं तर देव पावतो काय? नवसानं पोरं होतात काय? पंढरपुरात त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधली, पण स्वतः देवळात दर्शनाला जात नसत. तरी ते नास्तिक नव्हते. कीर्तनात ते गोपाळाचं नाव घेत. त्यांचा देव भुकेल्या, उघड्या, आजारी माणसात होता. म्हणजे बघा, देव मानणारा माणूसही अंधश्रद्धेवर झाडू चालवू शकतो. या दोन गोष्टींची गल्लत आपण मोठी माणसंसुद्धा करतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. ते स्वतः देव मानत नव्हते, पण आमचं भांडण लोकांच्या देवाशी नाही, त्याच्या नावावर होणाऱ्या फसवणुकीशी आहे, असं ते सांगत राहिले. तरीही २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

आता थोडं आईबाबांसाठी. मुलानं 'देव नाही' म्हटलं की आपण घाबरतो. पोरगं बिघडलं, असं आपल्याला वाटतं. कोणी दोन चापट्या मारतं, कोणी माझ्यासारखं उभं करतं. पण 'का रे, असं का वाटलं तुला?' एवढं विचारायला काय हरकत आहे? मी ते तिसऱ्या दिवशी विचारलं. पहिल्या दिवशी विचारलं असतं, तर अनवाणी चालण्याची हकीकत मला तेव्हाच कळली असती. आपल्या संविधानाच्या २५व्या कलमानं सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य दिलं आहे. हात जोडणाऱ्याला आहे तसंच न जोडणाऱ्यालाही. ते काय फक्त अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे?

त्या दिवशी मी मुलांना घरचा अभ्यास दिला. घरातल्या कोणालाही एकच प्रश्न विचारायचा: तुम्ही देव मानता की नाही, आणि का? वाद घालायचा नाही, फक्त ऐकून यायचं. तुम्हीही करून पाहा. काय काय उत्तरं आली म्हणून सांगू! एकाची आजी म्हणाली, दिवसभर वावरात निंदायला एकटी असते, मंग विठोबाशीच बोलते, दुसरं कोन हाय तिथं? एकीचे बाबा म्हणाले, पाऊस पडला तर मानतो, नाही पडला तर नाही मानत. (हे उत्तर मला भारी आवडलं!) एकाच्या काकांनी सांगितलं, मी नाही मानत, पण तुझ्या काकूला सांगू नको.

आमच्या त्या मुलानं आईला विचारलं होतं. आजी गेल्यावरही आई रोज संध्याकाळी दिवा लावते, याचा त्याला राग यायचा. आई म्हणाली, "मले नाई मालूम रे बापू देव हाय का नाई. पन दिवा लावला का तुही आजी बसल्यावानी वाटते."

पंगतीत आता तो मधोमध बसतो. परिपाठाला आजही हात जोडत नाही, ताठ उभा राहतो, आणि मी काही म्हणत नाही. परवा त्याची आई शाळेत आली होती. तिनं सांगितलं, की आजीनं वळून ठेवलेल्या वाती संपल्या. आता नव्या वाती तोच वळून देतो. थोड्या वाकड्या होतात, पण जळतात चांगल्या.